लंकेला कोण जाणार?

दरवर्षी डिसेंबर उजाडला, की आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर शैक्षणिक सहलीची सूचना लागते. वर्गणी किती, ती कोणाकडे द्यावयाची आणि बस पहाटे किती वाजता सुटणार, एवढ्या तीन गोष्टी तीत असतात. ठिकाण सहसा ठरलेलेच असते. दौलताबाद, वेरूळ, फार तर अजिंठा. बस ठेकेदार ठरवितो, जेवण ठेकेदार ठरवितो आणि लेण्यासमोर किती वेळ उभे राहावयाचे, हे ड्रायव्हरच्या घड्याळावर ठरते. आपण बसतो आणि उतरतो. या सहलींविषयी माझी तक्रार नाही. घराबाहेरचे जग मी प्रथम पाहिले ते त्यांच्यामुळेच. पण ज्या प्रवासातला एकही निर्णय आपण घेतलेला नाही, त्याला आपला प्रवास म्हणावे काय? आणि उलट, ज्याने सगळे निर्णय घेतले, त्याला त्या प्रवासात जागा असावी की नसावी? या दोन प्रश्नांवर मला काही म्हणावयाचे आहे.

प्रश्न सुचले ते आमच्याच वर्गातील चौघा मित्रांमुळे. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी वाचनकक्षात त्यांनी जाहीर केले, की दिवाळीच्या सुटीत आपण जीपने लंकेला जाणार. एकाच्या मामाची जीप होती. एकाला गाडी चालविता येत होती. उरलेल्या दोघांजवळ उत्साह होता. वहीच्या मधल्या जोडपानावर त्यांनी भारताचा नकाशा काढला होता आणि जालन्यापासून रामेश्वरपर्यंत बॉलपेनने एक सरळ रेघ ओढली होती. पुढे निळ्या शाईचा समुद्र, त्यात एक होडी आणि होडीत जीप. "अगं, तुझे अक्षर चांगले आहे, तेवढी याची सुवाच्य प्रत करून दे. प्राचार्यांना दाखवायची आहे," असे म्हणून त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली.

मी प्रत करावयास बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. सरळ रेघेने रस्ता जात नाही आणि होडीत जीप चढते की नाही, हे कोणी विचारलेलेच नव्हते. अक्षर चांगले असलेल्या माणसाची ही एक अडचण असते, की जे लिहावयाचे ते त्याला आधी वाचावे लागते. त्या दिवसापासून पुढचे दोन महिने तो आराखडा माझ्याकडेच राहिला.

आरंभी मलाही सीमा ओलांडणे ही फार मोठी, दिल्ली-मुंबईच्या माणसांनी करावयाची गोष्ट वाटे. हा समज माझ्या आजीने काढून टाकला. ती म्हणाली, "आमच्या लहानपणी शिंदखेडला जायचे म्हटले तरी सरहद्द लागायची." खरेच आहे. जालना निजामाच्या राज्यात होते आणि इथून तीस-बत्तीस किलोमीटरवरचे सिंदखेडराजा, जिजाऊंचे जन्मस्थान, वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले. निजामाच्या राज्याची जकात वेगळी. तिला करोडगिरी म्हणत. नाणेही वेगळे, त्याला हाली शिक्का म्हणत. बाजाराला गेलेल्या माणसाला नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ रोजी आपला जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला. आजीने एका जागी बसून एवढ्या सरहद्दी सरकताना पाहिल्या. आज सिंदखेडराजाला जाणारी बस कोणत्या नाक्यावरून गेली, हे खिडकीतल्या प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही.

यावरून मी एवढेच शिकले, की सरहद्द ही आधी कागदावर असते आणि मग जमिनीवर येते. म्हणून ती ओलांडावयाची तर पेट्रोलच्या आधी कागदांची चौकशी केली पाहिजे.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते, की लंका कशाला, जायचे तर लंडनलाच जाऊ. त्याचे हसू करण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे तो प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परत आले. १९५७ च्या एप्रिलमध्ये लंडनहून निघालेली एक बस जूनच्या आरंभी कलकत्त्यास पोचली होती. तिलाही वाटेत समुद्र होताच, इंग्लिश खाडीचा. पुढे वीसेक वर्षे युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशा मार्गाने गाड्या भारतात येत राहिल्या. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षअखेर अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ता सामान्य प्रवाशापुरता मिटला. एप्रिल २०२५ मध्ये तर अटारीचे नाकेही बंद करण्यात आले. थोडक्यात, १९२३ साली सायकलवर असलेल्या माणसापुढे जेवढे जग मोकळे होते, तेवढे आज मोटारीत बसलेल्या माणसापुढे नाही. पश्चिमेची वाट अशी अडल्यावर दक्षिणेकडे पाहावे लागते.

दक्षिणेची वाट मात्र आपल्या जिल्ह्याला नवी नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे गाव. त्यांनी बारा वर्षे देशभर पायी भ्रमण केले, अशी परंपरा आहे, आणि रामदासी संप्रदायाचे मठ थेट तंजावरला आहेत. तंजावरला शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजी यांनी मराठी राज्य स्थापिले, ते १८५५ पर्यंत टिकले. सरफोजी राजे (दुसरे) यांच्या काळात, १८०३ साली, तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. म्हणजे जालन्याहून निघालेला मराठीचा विद्यार्थी चौदाशे किलोमीटर गेल्यावरही आपली भाषा भिंतीवर वाचू शकतो. यापेक्षा अधिक शैक्षणिक सहल कोणती, हे आमच्या मराठी विभागाने मला सांगावे.

आता रस्ता. बॉलपेनच्या रेघेऐवजी मी तो असा लिहिला: जालना, बीड, सोलापूर, विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, तिरुचिरापल्ली, तंजावर, नागपट्टणम. अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. दिवसाला साडेतीनशेच्या हिशेबाने चार दिवस. जाऊन-येऊन २,८०० किलोमीटर. लिटरला चौदा किलोमीटर धरले तर २०० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर १८,००० रुपये. गाडीत आठ जण असतील तर डोईला २,२५०. टोल, मुक्काम आणि जेवण वेगळे. हा हिशेब मांडण्यापूर्वी आम्हां सर्वांना वाटत होते, की हा श्रीमंतांचा खेळ आहे. हिशेब मांडल्यावर रक्कम लहान झाली नाही. पण तिला आकार आला. आकार आलेल्या रकमेसाठी वर्षभर साठविता येते. नुसते "फार खर्च येईल" यासाठी कोणी साठवीत नाही.

हिशेबापाठोपाठ दोन चुका सापडल्या. पहिली चूक मामाच्या जीपची. ती काळी-पिवळी निघाली. भाड्याने प्रवासी वाहणाऱ्या गाडीचा परवाना ठरावीक हद्दीपुरता असतो. ती उचलून कर्नाटकात, तामिळनाडूत नेता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना काढावा, नाहीतर खाजगी वापराची गाडी पाहावी.

दुसरी चूक अधिक मोठी, आणि ती भूगोलाच्या दोन विद्यार्थ्यांनी केली होती, हे नमूद करताना मला थोडा आनंद होतो. त्यांनी दिवाळीची सुटी निवडली होती. दिवाळीत आपल्याकडे आकाश मोकळे होते, म्हणून साऱ्या देशात तसेच असेल, हे त्यांनी गृहीत धरले. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. नागपट्टणमहून श्रीलंकेतील कांकेसंतुरैला जाणारी प्रवासी बोट १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली आणि हवामानामुळे आठवड्याच्या आतच थांबवावी लागली. पुन्हा निघाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. परीक्षेत "ईशान्य मोसमी वारे" यावर चार गुणांची टीप लिहिणारी मुले त्याच वाऱ्यात जीप घेऊन निघाली होती. आपले पाठ्यपुस्तक आणि आपला प्रवास यांची भेट होत नाही, ती अशी. मी सुटी बदलून परीक्षेनंतरची, एप्रिलअखेरची केली.

राहता राहिला समुद्र. पूर्वी ही वाट रामेश्वरच्या टोकाशी होती. १९१४ साली पांबनचा पूल झाला, मद्रासची गाडी धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. तेथून आगबोटीने तलैमन्नार आणि पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. लोक तिला बोट मेल म्हणत. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. धनुष्कोडीच्या दारात आलेली प्रवासी गाडी लाटांनी गिळली, गाव उद्ध्वस्त झाले. नंतर काही वर्षे रामेश्वरहून बोट चालली. श्रीलंकेतील यादवी पेटल्यावर तीही थांबली. २०११ साली तुतिकोरिन ते कोलंबो अशी एक सेवा काही महिने चालून बंद पडली. आता आहे ती नागपट्टणमची. सुमारे ११० किलोमीटर पाणी, साडेतीन-चार तासांचा प्रवास आणि हवामान बिघडले की बंद.

ही बोट माणसे नेते. मोटारी नेत नाही. हे मी वाचनकक्षात सांगितले, तेव्हा चौघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. होडीतली जीप हाच त्यांच्या नकाशाचा जीव होता. मालवाहू जहाजाने गाडी वेगळी पाठविता येते. पण त्यासाठी "कार्ने" नावाचे एक चोपडे लागते. ते मोटारींचे पारपत्रच म्हणावे. परक्या देशात शिरताना त्याच्या पानाचा एक भाग कापून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा भाग शिक्क्यासह चोपड्यात राहतो. गाडी तिकडे विकून टाकली जाऊ नये, यासाठीची ही हमी असते आणि ती हमी म्हणून मोटारीच्या किमतीशी तोलणारे तारण आधी ठेवावे लागते. मामाची जीप तारण ठेवण्याइतके आम्ही कोणी मामाचे लाडके नव्हतो.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा चितारली आहे. आपण दरवर्षी तिच्यासमोरून जातो. सिंहल लंकेवर चालून जातो तेव्हा नावांमध्ये हत्ती आणि घोडे उभे आहेत. म्हणजे त्या काळी वाहनासह पलीकडे जाता येत होते आणि आज येत नाही! मी मात्र यात हानी मानीत नाही. गाडी नागपट्टणमला ठेवावी आणि पायी बोटीत चढावे, असे मी आराखड्यात लिहिले. स्वतःच्या गाडीच्या काचेतून परका देश पाहणारा माणूस अर्धा घरीच बसलेला असतो. पलीकडे उतरल्यावर तिथल्या बसला हात करावा लागेल, सुट्या पैशांसाठी थांबावे लागेल, तामिळ न येणाऱ्या तोंडाने तामिळ माणसाला वाट विचारावी लागेल. सहल शैक्षणिक होते ती तिथे.

पलीकडे काय पाहावयाचे, याची चौघांनी केलेली यादी अशोकवनापासून सुरू होत होती. मी तीत जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय घातले. १९८१ साली, ३१ मेच्या रात्री ते जाळण्यात आले. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि हस्तलिखिते गेली, असे सांगतात. ते पुन्हा बांधले गेले आहे. एकीकडे तंजावरचे जपलेले ग्रंथालय आणि समुद्रापलीकडे जाफन्याचे जाळलेले. या दोन पायऱ्या एका प्रवासात चढलेला विद्यार्थी परत येऊन आपल्या ग्रंथालयाची पुस्तके कोपरे दुमडून परत करणार नाही, एवढी आशा आमच्या ग्रंथपालांनी बाळगावयास हरकत नाही.

एवढे सारे झाल्यावर मी सुवाच्य प्रत लिहून काढली. शेवटच्या पानावर प्रवाशांची नावे होती. चार. ती मी स्वतःच्या अक्षरात लिहिली, खाली रेघ मारली आणि मग माझ्या ध्यानात आले, की त्यांत माझे नाव नाही.

मी विचारले, तेव्हा एकजण म्हणाला, "पण तुला घरून परवानगी कुठली मिळणार?" त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याने मला विचारलेही नव्हते आणि माझ्या घरी तर नव्हतेच. उत्तर त्याला आधीच ठाऊक होते. परंतु मी सगळा दोष त्यांना देणार नाही. दोन महिने मी रस्ता, डिझेल, वारा आणि बोट या सगळ्यांची चौकशी केली; परवानगीची चौकशी मीही केली नव्हती. उत्तर मलाही ठाऊक होते! ज्या मुलीने होडीत जीप चढते का हे विचारले, तिने होडीत आपण चढतो का हे विचारले नाही.

त्यानंतर तोच आराखडा मी पुन्हा वाचला, तेव्हा तो निराळा दिसू लागला. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. वाटसरूला जेवण, आसरा, आजाऱ्याला औषध. या छत्रांचा सरफोजीराजांना अभिमान होता. आता त्यांची नावे पाहा. तंजावरहून नागपट्टणमला जाताना नीडामंगलम लागते. तिथले छत्र यमुनांबा राणीच्या नावाचे. ओरत्तनाडचे, १८०२ च्या सुमाराचे, मुक्तांबेच्या नावाचे. आणखीही कितीक राजस्त्रियांच्या नावांनी. वाटेवर अन्न देणाऱ्या घरांना बायकांची नावे आहेत. त्या वाटेने चालत गेलेल्या बायकांची नावे मात्र शोधावी लागतात. मला हे वाचून प्रथम अभिमान वाटला आणि मागाहून अस्वस्थ वाटले. छत्राला नाव देणे हा मान खराच; पण आपल्याकडे बाईला मान द्यावयाचा तो थांबण्याच्या जागी, निघण्याच्या जागी नाही.

समर्थांची कथा आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाला पाठ आहे. "सावधान" हा शब्द ऐकून ते बोहल्यावरून निघाले. पुढचे त्यांचे कार्य थोर आणि त्याविषयी मनात आदरच आहे. पण अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. "सावधान" तिनेही ऐकले असेल. ती कुठे जाऊ शकत होती? लंकेला गेलेली आपल्या ओळखीची पहिली स्त्री सीता आणि ती काही स्वतःच्या आराखड्याने गेली नव्हती. तिच्या पलीकडे आपली आठवण सहसा जात नाही. वास्तविक सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रमार्गे लंकेला गेली, असे तिथला प्राचीन इतिहासग्रंथ महावंस सांगतो. त्या फांदीपासून वाढलेला म्हणून मानला जाणारा वृक्ष अनुराधपुरात आहे. ती कामासाठी गेली होती. आणि फार दूर कशाला, १८८३ च्या ७ एप्रिलला अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, त्या वैद्यक शिकण्यासाठी. बसण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भर सभेत भाषण करून लोकांच्या हरकतींना एकेक करून उत्तर दिले. माझ्या दृष्टीने त्या भाषणाइतका चांगला प्रवासाचा आराखडा दुसरा नाही. त्यात अंतर आणि भाडे यांबरोबर लोक काय म्हणतील, याचाही हिशेब मांडला होता.

माझ्या मतावर ज्या हरकती घेतल्या जातील, त्या मी ऐकलेल्या आहेत. पहिली, मुलींची जबाबदारी कोण घेणार? जबाबदारी मुलांचीही कोणी घेतलेली नव्हती. ईशान्य मोसमी वारा मुलगा-मुलगी पाहून वाहत नाही. काळजी घ्यावयाची ती चांगला चालक, दिवसाउजेडीचा प्रवास, आधी ठरविलेला मुक्काम आणि बरोबर येणाऱ्या प्राध्यापक-प्राध्यापिका यांची. ती सर्वांसाठीच घ्यावी. दुसरी हरकत पारपत्राची. त्याला १,५०० रुपये शुल्क आहे, आणि चौकशीला पोलीस घरी येतो. मुलीच्या दारात पोलीस आला, की गल्लीत चार खिडक्या उघडतात. त्याला माझे उत्तर एवढेच, की एका वर्षी दहा मुलींच्या दारात पोलीस आला, की पुढच्या वर्षी खिडक्या उघडणार नाहीत. तिसरी हरकत अशी, की ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे परदेशी सहलीच्या गोष्टी शोभत नाहीत. ही हरकत मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणून मी असे सुचविते, की पहिल्या वर्षी तंजावर आणि नागपट्टणमच्या किनाऱ्यापर्यंतच जावे. ज्यांच्याजवळ पारपत्र आणि पैसे असतील त्यांनी पुढे बोटीत चढावे. बाकीच्यांनी किनाऱ्यावरून समुद्र पाहावा. आमच्या वर्गात अर्ध्याहून अधिक जणांनी तो पाहिलेला नाही. श्रीलंकेत प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात आणि बोटीचे वेळापत्रकही. निघण्यापूर्वी दोन्ही नव्याने तपासावे.

यास्तव माझी प्राचार्यांना आणि सहल समितीला विनंती आहे. यापुढे महाविद्यालयाच्या सहलीचा आराखडा ठेकेदाराने नव्हे, विद्यार्थ्यांनी करावा. भूगोलाने वारा पाहावा, अर्थशास्त्राने डिझेल, इतिहासाने छत्रे, मराठीने भिंतीवरचा लेख. त्या समितीत निम्म्या मुली असाव्यात, आणि त्या सुवाच्य अक्षरासाठी घेतलेल्या नसाव्यात. जो आराखडा करील, त्याचे नाव यादीत आधी लागावे.

शेवटी परवानगीविषयी. मी ती अखेर मागितली. अण्णांनी एस.टी.ची गाडी तीस वर्षे चालविली आहे. त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. आराखडा ठेवून जा, म्हणाले. दोन दिवस तो त्यांच्या उशाखाली होता. तिसऱ्या दिवशी परत मिळाला तेव्हा पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा होत्या. चित्रदुर्ग ते बंगळूर या टप्प्यापुढे लिहिले होते, "दुसरा ड्रायव्हर पाहिजे." रोजच्या प्रवासापुढे, "दिवस मावळल्यावर गाडी नाही." आणि शेवटच्या पानावर, चार नावांच्या खाली, काहीच न लिहिता त्यांनी नुसते "५" असे घालून ठेवले होते.

याला परवानगी म्हणावयाचे की नाही, हे मला अजून नीट कळलेले नाही. आई म्हणते, बोटीचे काय ते नंतर पाहू. पण आराखड्याची नवी प्रत मी केली आहे आणि तीत नावांसाठी दहा ओळी सोडल्या आहेत. वही ग्रंथालयात, नियतकालिकांच्या टेबलावर आहे. पाच नावे लिहिलेली आहेत. उरलेल्या ओळी मैत्रिणींनी भराव्यात. अक्षर कसे का असेना.

— तृतीय वर्ष, कला